केबिनमधून : रिकामा थांबा, रिकामा ट्रॅक

गेल्या महिन्यात झेब्रा पट्ट्यांवर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यातली निम्म्याहून अधिक निघाली गाड्या उभ्या करण्याबद्दलची. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी एसटीत २९ वर्षं चालक होतो. त्यातला मोठा काळ नाशिकच्या शहर बससेवेत गेला. २०१७ ला निवृत्त झालो. आता पायात सायकल असते. इतकी वर्षं जो रस्ता उंचावरून पाहिला, तोच आता खालून पाहतो, आणि खालून तो फार वेगळा दिसतो.

मी अकरावीत आहे. अशोकस्तंभाहून त्र्यंबक नाक्याकडे सायकलने क्लासला जाते. स्मार्ट रोडला सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर कुठे ना कुठे मोटारसायकली, नाहीतर एखादी कार उभी असतेच. मग मुख्य रस्त्यावर उतरावं लागतं. परवा मागून बसने इतक्या जोरात हॉर्न दिला की हँडल सुटायचीच वेळ आली. एका काकांना गाडी काढायला सांगितली, तर म्हणाले, “ट्रॅक वापरतंय कोण? दिवसभर रिकामाच असतो.” त्यांना काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

बाळा, ‘रिकामा’ या एका शब्दापाशी सगळं अडतं. बसचा थांबा दहा मिनिटांतली नऊ मिनिटं रिकामा असतो. अग्निशमन केंद्राच्या दारासमोरचा रस्ता तर दिवसेंदिवस रिकामा असतो. तरी तिथे कोणी गाडी लावून जेवायला जात नाही, कारण बंब निघायची वेळ सांगून येत नाही हे सगळ्यांना कळतं. ट्रॅकचंही तसंच आहे. तू येशील त्या क्षणी तो मोकळा हवा, आणि तू केव्हा येशील हे काकांना माहीत नाही. म्हणून तो कायम मोकळा हवा.

दुसरी गोष्ट अशी, की अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आतला रस्ता आहे. एवढ्या अंतरात तीन ठिकाणी गाड्या आडव्या आल्या, तर चौथ्यांदा ट्रॅकवर चढायचा त्रास कोण घेईल? तू सुरुवातीलाच खाली उतरतेस आणि शेवटपर्यंत रस्त्यानेच जातेस. काका बघतात तेव्हा ट्रॅकवर सायकल नसते. ती का नसते, याचं कारण त्यांच्याच गाडीच्या चाकाखाली आहे.

आता त्या हॉर्नबद्दल. केबिनमधून काय दिसतं ते सांगतो, कारण ते तुला माहीत असलेलं बरं. बस चालवताना डाव्या कडेने जाणारी सायकल आम्ही मनात नोंदवून ठेवतो : ही सरळ जाणार. मग पुढे उभी कार येते आणि सायकल एकदम हात-दीड हात उजवीकडे सरकते. तेवढ्यात बसचं नाक तिच्या मागच्या चाकापाशी पोचलेलं असतं. उजवीकडे दुभाजक, मागे गाड्यांची रांग. चांगला चालक अशा वेळी ब्रेकवर पाय ठेवतो. घाबरलेला चालक हॉर्न दाबतो. मीही नोकरीत पुष्कळदा हॉर्न दाबला आहे. त्या हॉर्नने समोरच्याचे हात कसे थरथरतात, हे मला सायकलवर बसल्यावर कळलं, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रॅक मोकळा होईपर्यंत एवढं कर. उभी गाडी दिसली की तिच्यापाशी पोचायची वाट बघू नकोस. वीस-पंचवीस पावलं आधीच मागे वळून बघ, उजवा हात बाहेर काढ आणि सावकाश उजवीकडे ये. मग सगळ्या गाड्या संपेपर्यंत त्याच रेषेत राहा. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत पुन्हा आत शिरू नकोस. आत जाणं सोपं असतं, बाहेर येताना मागचा चालक दचकतो. उभ्या गाडीपासून उघड्या दाराएवढं अंतर ठेव. आणि बस थांब्याला लागत असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे काढायचा विचारही करू नकोस. पुढच्या डाव्या कोपऱ्याशी सायकल आली की चालकाला ती आरशातही दिसत नाही आणि काचेतूनही नाही.

काकांशी एकटीने वाद घालू नकोस. सायकल ट्रॅकवर गाडी उभी करायला २०१७ च्या वाहनचालन विनियमांत स्पष्ट मनाई आहे. फूटपाथ आणि झेब्रा पट्टी त्याच ओळीत आहेत. फोटो असा काढ की नंबर प्लेट आणि ट्रॅक दोन्ही एकाच चौकटीत येतील. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपवर नागरिकांना असा फोटो पाठवता येतो. फोन घरच्या मोठ्यांचा असला तरी चालेल. आणि महत्त्वाचं म्हणजे एका गाडीचा एक फोटो पाठवून थांबू नकोस. एकाच जागेचे, आठवडाभराचे, त्याच वेळेचे पाच-सहा फोटो जमव. एका फोटोवर एक चलान होतं. सहा फोटो म्हणजे ही जागा रोज अडते याचा पुरावा. तो घेऊन आई-बाबांबरोबर वाहतूक शाखेत अर्ज दे आणि पोच घे.

माझं कॉलेज रोडला दुकान आहे. गिऱ्हाईक गाडीवरूनच येतं. गाडी लावायला जागा नाही, आणि लावली की दंड. माल उतरवणारा टेम्पो दहा मिनिटं थांबला तरी लोक शिव्या घालतात. सायकलवाले आणि बसवाले यांचंच सगळं बघायचं, तर आम्ही धंदा कसा करायचा?
– एक व्यापारी

भाऊ, तुमची अडचण खरी आहे. टेम्पो हवेतून माल टाकू शकत नाही. शहरात माल उतरवायला राखीव जागा आणि ठरलेल्या वेळा असायला हव्यात, हे मीही मानतो. तुमच्या रस्त्यावरच्या दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून महापालिका आणि वाहतूक शाखेला एकच अर्ज द्यावा : आम्हाला अमुक ठिकाणी दोन टेम्पोंची जागा द्या, सकाळी अमुक ते अमुक. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालतो, जागा पावलांनी मोजून लिहा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा असा अर्ज हातात घेणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

पण एक हिशेब तुम्हीच करून पाहा. एका कारला उभं राहायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. तेवढ्यात चार-पाच स्कूटर सहज बसतात आणि सायकली त्याहून जास्त. आठवडाभर सकाळी दुकानासमोर कोणाच्या गाड्या लागतात ते लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी मी पाहिलं आहे, पहिली गाडी मालकाची असते, दुसरी शेजारच्या मालकाची, तिसरी नोकराची, आणि त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक मग दुसऱ्या रांगेत लावतं, किंवा थांब्यात. आपली गाडी आधी लांब लावून पाहा. त्याने किती जागा सुटते ते मला कळवा, मी छापीन.

बसथांब्याजवळ दोनच मिनिटं कार लावली, औषध घेऊन आलो तर कार उचलून नेलेली. दंड भरला, टोइंगचे पैसे वेगळे. हे कायदेशीर आहे का? थांब्यात तेव्हा एकही बस नव्हती.
– एक वाचक, इंदिरानगर

कायदेशीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ : मनाई असलेल्या जागी उभी गाडी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलता येते किंवा तिला जॅमर लावता येतो, आणि उचलायचा खर्च मालकावर. दंड कलम १७७ खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केला तर १५०० पर्यंत. तुमचा हक्क इतका, की गाडी उचलताना पोलीस हजर असला पाहिजे, नुसती टोइंगवाली पोरं नव्हे. आणि प्रत्येक रुपयाची पावती मिळाली पाहिजे. ई-चलानावर फोटो, वेळ आणि ठिकाण असतं. ते चुकीचं वाटलं तर चलानाच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवता येते. गाडी उचलताना ओरखडा पडला असेल तर ताबा घेण्याआधी, तिथेच फोटो काढा.

तेव्हा बस नव्हती, हे मी मान्य करतो. तरीही दोन मिनिटांचं ऐका. मोठी शहर बस बारा मीटर लांब असते. ती थांब्याला कडेने चिकटून उभी राहायची तर नुसती बारा मीटर जागा पुरत नाही. आधी तिरकं आत यायला जागा लागते, मग सरळ व्हायला, आणि निघताना परत बाहेर पडायला. थांब्याच्या मधोमध चार मीटरची एक कार उभी असली की सगळा थांबा गेला. तिच्या मागे किंवा पुढे जागा उरते असं वाटतं, पण ती बसच्या कामाची नसते. नाक आत घातलं तर शेपूट रस्त्यात आडवं राहतं. म्हणून चालक आत येतच नाही, मधेच उभा राहतो, मागचे सगळे अडकतात. आणि तुमची दोन मिनिटं संपली की तिसरा येतो, त्याचीही दोनच मिनिटं. असा थांबा सकाळी आठ ते रात्री आठ भरलेला असतो, आणि त्यातला प्रत्येक जण खरं बोलत असतो.

औषध तातडीचं होतं असं तुम्ही लिहिलं नाहीत. तसं असेल तर माझी सहानुभूती आहे. तरी पुढच्या वेळी गल्लीत लावा आणि शंभर पावलं चाला.

परदेशात महापौराने सायकल मार्गावरच्या गाडीवर रणगाडा घातला, असा व्हिडिओ मुलाने दाखवला. खरं आहे का?
– एक वाचक, सातपूर

व्हिडिओ खरा आहे, प्रसंग ठरवून केलेला होता. लिथुआनियाची राजधानी विल्नियस, साल २०११. महापौर आर्तुरास झुओकास यांनी सायकल मार्गावर उभ्या मर्सिडीजवरून चिलखती गाडी चालवली. लोकांचं लक्ष वेधायचं होतं, ते वेधलं गेलं. मुलाला एवढं सांगा, की चिरडलेल्या गाडीपेक्षा रोज न चुकता फिरणारा एक पोलीस जास्त काम करतो. महिन्यातून एकदा मोहीम निघते, पेपरात फोटो येतो, पन्नास गाड्या उचलतात. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. माणूस दंडाच्या रकमेला घाबरत नाही. आज सापडेनच अशी खात्री असली तरच तो गाडी पुढे नेतो.

नाशिकला पुण्यासारखी वेगळी बसमार्गिका का नाही? सिंहस्थाच्या आधी करता येणार नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

सर, पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरुवात केली. दिल्लीने २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद. दिल्लीची नंतर काढूनच टाकली. दोन्हीकडे चालकांकडून ऐकलेलं एकच, की मार्गिका आखणं सोपं, राखणं अवघड. मार्गिकेत एक रिक्षा घुसली की तिच्या मागे दहा मोटारसायकली येतात आणि मग बस त्यांच्या मागे रांगते. आमच्याकडे मोकळ्या रस्त्यावर साध्या थांब्याची पिवळी चौकट राखली जात नाही. म्हणून मी आधी थांबे मागेन. २०२१ च्या जुलैत महापालिकेची सिटीलिंक ही शहर बससेवा सुरू झाली, बस नव्या आल्या. थांब्यातली कार मात्र तीच आहे.

न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून बसच्या पुढच्या काचेवर कॅमेरा लावून मार्गिका अडवणाऱ्यांचे नंबर टिपतात. दंड ५० डॉलरपासून सुरू होतो आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडला तर २५० पर्यंत चढतो. नंतर तिथे थांबा अडवणाऱ्या आणि दुहेरी रांगेत लावणाऱ्या गाड्याही त्यात घेतल्या. ही कल्पना मला फार पटते. बस दिवसभर त्याच रस्त्याने फिरते, प्रत्येक थांब्यावर जाते, कोण कुठे उभा असतो हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या वेळी आम्हाला थांबे अडवणाऱ्या कित्येक गाड्यांचे नंबर पाठ होते. ते विचारायला कधी कोणी आलं नाही.

सिंहस्थाचं म्हणाल तर २०१५ मध्ये मी ड्युटीवर होतो. पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर वाहनतळात अडवल्या आणि तिथून भाविकांना आमच्या बसने आत आणलं. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त गरजेपेक्षा जास्त झाला, म्हाताऱ्या माणसांना फार चालावं लागलं, ते चुकलंच. पण त्या दिवशी मी जे पाहिलं ते विसरत नाही. दोन्ही कडा मोकळ्या, प्रत्येक थांबा मोकळा, बस अलगद कडेला लागतेय, माणसं फूटपाथवरून थेट पायरीवर पाय ठेवताहेत. रस्ता तेवढाच होता, एक फूटही रुंद केलेला नव्हता. २०२७ ला परत तेच होईल. मला वाटतं, अधिकाऱ्यांनी तेव्हाची एक यादी आत्ताच करावी : पर्वणी संपल्यावरही मोकळे ठेवायचे वीस थांबे. वीसच, पण पूर्ण. सर, तुमच्यासारख्यांनी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून विचारावं, की गेल्या वर्षी बसथांबा आणि सायकल ट्रॅक अडवल्याबद्दल किती चलानं झाली, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या कागदावरून कळेल की कुठे रोज कारवाई होते आणि कुठे कधीच नाही.

मी ७८ वर्षांची आहे. बसचे ड्रायव्हर थांब्यावर बस कडेला घेतच नाहीत. रस्त्याच्या मधोमध उतरवतात. पायरी उंच, मधून मोटारसायकली जातात. तुम्ही लोक असं का करता? जरा माणुसकी दाखवा.
– एक आजी, नाशिकरोड

मावशी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग रास्त आहे.

बस कडेला लागते तेव्हा पायरी आणि फूटपाथ यांच्यातला उतार कमी होतो. बस मधे उभी राहिली की पायरीपासून डांबरापर्यंतचा सगळा उतार तुमच्या गुडघ्यावर येतो. आणि बस व कडा यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी राहते. मागच्या मोटारसायकलवाल्याला ती वाट वाटते. दार उघडताना त्याला दिसत नाही, आणि तो आलेला तुम्हाला दिसत नाही.

नोकरीतला एक प्रसंग मी कधी छापला नव्हता. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. थांब्यात एक पांढरी कार उभी, पार्किंगचे दिवे लुकलुकत होते, आत कोणी नाही. मी हॉर्न दिला, वाट पाहिली, मागून ओरडा सुरू झाला. शेवटी मी बस मधेच उभी केली. कंडक्टरने बेल दिली. तुमच्याच वयाची एक बाई उतरल्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात दांडीला. त्यांनी दांडी सोडली आणि त्याच क्षणी डावीकडून मोटारसायकल आली. डाव्या आरशात मला आधी एक दिवा दिसला, मग पिशवी. कोथिंबीर सगळ्या रस्त्यावर. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. मोटारसायकलवाला वीस-एकवीस वर्षांचा होता, थांबला, रडत होता. पंचनामा झाला, माझा जबाब झाला, त्या मुलाचा झाला. गर्दीत ती पांढरी कार केव्हा निघून गेली, ते कोणी पाहिलंच नाही. तिचा नंबर कोणत्याही कागदावर नाही. मला तो आजही आठवत नाही, आणि त्याची टोचणी जात नाही. त्या बाईंना भेटायला मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “तुझी चूक नव्हती, पण तू जवळ घ्यायला हवी होतीस.” दोन्ही खरं होतं.

म्हणून तुम्हाला चालकाच्या बाजूने सांगायला माझ्याकडे फारसं नाही. कार असली तरी काही वेळा थांबून, उतरून, ती काढायला लावता येते. काही वेळा दहा फूट पुढे जाऊन कडा मिळते. घाईत आम्ही ते करत नाही. थांबा पूर्ण मोकळा असूनही कोणी मधे उतरवलं, तर बसचा नंबर, मार्ग, तारीख आणि वेळ लिहून बससेवेकडे तक्रार करा. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावाने दिली तर ती फायलीत टिकते. थांबा गाडीने अडलेला असेल तर त्याच कागदावर त्या गाडीचाही नंबर लिहा. दोन्ही नंबर एकाच कागदावर आले पाहिजेत.

तोपर्यंत उतरताना माझं एवढं ऐका. आपला थांबा यायच्या आधी, बस चालू असताना उठू नका. थांबल्यावर उठा, कंडक्टरला “मी उतरतेय” असं मोठ्याने सांगा, तो दुसरी बेल देणार नाही. पिशवी खांद्याला लावा, हात मोकळे ठेवा. दारात आलात की आधी डावीकडे, बसच्या मागच्या चाकाकडे बघा, कारण मोटारसायकल तिकडूनच येते. मग एक पाय खाली टेका आणि दुसराही टेकेपर्यंत दांडी सोडू नका. मागचे लोक घाई करतील, करू द्या.